घर ही भीक नव्हे, थकलेली बाकी आहे!

वहीत जमा लिहिली की नावेही लिहावे लागते, हा धंद्याचा पहिला नियम. एक बाजू भरून दुसरी कोरी ठेवणाऱ्या मुनिमाला कोणताही शेठ दुसऱ्या दिवशी घरी बसवील. मग मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीची वही एकाच बाजूने कशी लिहिली गेली? आमचा सवाल एवढाच आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाके फिरू लागली. भांडवल त्यांचे, हिंमतही त्यांची. ते श्रेय आम्ही कशाला नाकारू? पण पुढे सव्वाशे वर्षे साचे चालवले कोणी? कोकणातून बोटीने आलेल्या आणि सातारा-कोल्हापूरचा घाट उतरून आलेल्या माणसांनी! दहा बाय दहाच्या खोलीत ती पाळीपाळीने झोपली. त्यांना महिनाभर उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचे नाव तर कुठल्याच वहीत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांतही हाच गिरणगाव छातीचा कोट करून पुढे होता.

आता जमिनीकडे या. आडरानातल्या एकराला कोटी रुपये देतो का कोणी? नाही देत. लालबाग-परळच्या एकराला देतात, कारण तिथे रेल्वे आहे, पाणी आहे, रस्ते आहेत, बाजार आहे आणि गजबजलेली वस्ती आहे. हे सगळे काय एकट्या मालकाने उभारले? ते उभे राहिले सरकारी तिजोरीतून, पालिकेच्या करातून आणि कामगारांच्या घामातून. म्हणजे जमिनीचा भाव सगळ्या शहराने वाढवला. मग वाढलेल्या भावात शहराचा वाटा नको का?

वाटा असावा, हे सरकारनेही एकदा मान्य केले होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला आणि माणसे देशोधडीला लागली. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे : एक पालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. एकूण जमीन सुमारे ६०० एकर. म्हणजे दोनशे एकर मोकळी हवा आणि दोनशे एकर घरे. सरळ हिशेब!

पण २००१ साली नियमच बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. बांधकाम पाडून जी मोकळी होईल, ती वाटणीबाहेर. अहो, गिरणी म्हणजे बांधकामच की! मग वाटायला उरले काय? चार शब्द बदलले आणि जनतेचे एकरच्या एकर गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायदेशीर ठरवला. कायद्याचा वाद तिथे मिटला, पण नीतीचा मिटला असे आम्ही मानत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ साली, सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकून सुमारे २,००० कोटी रुपये मिळवले होते. जमिनीला भाव नव्हता, असे तरी आता कोण म्हणेल?

आणि कामगाराच्या पदरात काय पडले? पहिली सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी! संपाच्या वेळी जो तिशीत होता, तो साठीला टेकला. घरासाठी अर्ज दीड लाखाच्या घरात. २०१२ ते २०२० च्या सगळ्या सोडतींत मिळून घरे १६,००० सुद्धा नाहीत. २०२४ मध्ये सांगितले गेले, बदलापूर ओलांडून वांगणी-शेलूला जा. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानावर जमून विचारत होती : गिरणी परळला अन् घर वांगणीला, हे कोणते गणित?

काही शहाणे म्हणतात, ‘यंत्रे जुनी झाली, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, धंदा बुडाला. धंदा म्हणजे काय धर्मशाळा?’ कबूल! तोट्यातला कारखाना कायम चालवा, असे आम्ही म्हणतच नाही. पण धंदा बुडाला म्हणून जमीन बुडाली नाही. ती सोन्याची झाली. तोटा कामगाराच्या माथी आणि नफा मालकाच्या खिशात, याला व्यापार म्हणत नाहीत. खरा व्यापारी आधी देणी फेडतो, मग उरलेल्याला नफा म्हणतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गिरणीची जमीन किती, पालिकेला किती मिळाली, म्हाडाला किती, मालकाकडे किती राहिली, याचा गिरणीवार हिशेब सरकारने मराठीत छापून चौकाचौकात लावावा. मुंबईत जो तुकडा अजून देता येण्याजोगा आहे, त्यावर पहिला हक्क कामगाराचा आणि त्याच्या वारसाचा मानावा. आणि यापुढे बंदर असो, रेल्वे असो की कारखाना, सार्वजनिक जमिनीला हात लावण्याआधी वाटणी जाहीर करावी. मग ती मागच्या दाराने बदलू नये.

मतांसाठी दारात येणाऱ्याला चहा जरूर पाजा. पण कप हातात देण्याआधी विचारा, ‘साहेब, गिरणीच्या जमिनीचा हिशेब आणलात का?’