कॅसलरॉकची मालवाहतूक
जांबोटीच्या दक्षिणेला, घाटमाथ्यावरच्या जंगलातल्या कॅसलरॉक स्थानकाचा इतिहास प्रवाशांपेक्षा मालगाड्यांचाच अधिक आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे जाणारा मीटरगेज मार्ग आखला गेला आणि १८८८ च्या सुमारास घाटातून गाड्या धावू लागल्या. ब्रिटिश हद्द इथेच संपे, म्हणून मालाची जकात-तपासणीही इथेच. इथून घाटाखालच्या कुळे स्थानकापर्यंतचा उतार ३७ फुटांना एक फूट. चढणाऱ्या मालगाडीला आजही मागून जादा इंजिने लावावी लागतात. १९५५ मध्ये गोव्याच्या नाकेबंदीने वाहतूक थांबली, ती मुक्तीनंतर सुरू झाली. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आला. बळ्ळारी-होस्पेटचे लोहखनिज बंदराकडे उतरे; आता आयात कोळसा घाट चढतो, आणि त्याच कोळशाच्या धास्तीने दुपदरीकरणाला गोव्यात विरोध होतो.