लेणी राखली, बेटकरी वाऱ्यावर

गेट वे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीला लागते. उरण तालुक्यातील या बेटावरची सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली शैव लेणी १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मात्र त्याच बेटावरील शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या वस्त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तब्बल सत्तर वर्षांनी! तोवर डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळचे तीनएक तास दिवे लागत आणि मग समोरची झगमगती मुंबई पाहत बेट अंधारात झोपी जाई. त्या काळातही या बेटाच्या नावाने संगीत-नृत्याचे सरकारी महोत्सव भरतच होते.

आता 'पर्यावरणस्नेही पर्यटन' आणि 'स्थानिक संस्कृतीचे जतन' हे शब्द सरकारी पत्रकांत आणि पर्यटन व्यावसायिकांच्या जाहिरातींत सर्रास वापरले जातात. बेटाचा निसर्ग आणि तेथील आगरी-कोळी जीवन राखलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो कोणापासून राखायचे आणि कोणाच्या हातांनी राखायचे, हा. घारापुरीच्या भोवतालची खाडी बेटकऱ्यांनी नासवलेली नाही. समोर न्हावा-शेवा येथे १९८९ साली प्रचंड बंदर उभे राहिले. जहाजांची वर्दळ आणि त्यांच्यासाठी होणारा गाळ-उपसा यांनी पिढीजात मासेमारीचे क्षेत्र आक्रसत गेले. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल समुद्रात सांडले आणि त्याचे काळे थर उरण-घारापुरीच्या तिवरांवर चढले. या विध्वंसाचे धनी कोण हे उघड असताना निसर्गरक्षणाचे धडे मात्र चुलीसाठी काटक्या वेचणाऱ्या बाईला दिले जातात. उरणच्या जनतेला ही रीत नवी नाही. सिडकोच्या भूसंपादनात रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले, ते याच तालुक्यात.

पर्यटनाचा पैसा कसा फिरतो हेही पाहण्यासारखे आहे. २०१८ साली लेण्यांचे प्रवेशशुल्क भारतीयांना चाळीस आणि परदेशी पाहुण्यांना सहाशे रुपये असे ठरले. ते केंद्राच्या तिजोरीत जाते. ग्रामपंचायतीच्या पदरी पडतो तो प्रवाशांवरचा किरकोळ कर. पर्यटकाला बेटावर रात्री मुक्काम करू दिला जात नाही, त्यामुळे सकाळच्या लाँचने आलेला पाहुणा संध्याकाळच्या लाँचने परततो आणि त्याच्या खिशातला मोठा वाटाही त्याच्याबरोबर परत जातो. उरतात त्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा मांडलेल्या टपऱ्या, मक्याची कणसे, सरबत, माळा. संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध, असा २०१० चा कायदा आहे. हे निर्बंध मुळात योग्यच होत. ते नसते तर एखाद्या हॉटेलवाल्याने महेशमूर्तीला टेकूनच आपला उपाहारगृहाचा चौथरा बांधला असता. पण घराची पडवी वाढवू पाहणाऱ्या बेटकऱ्याला परवानगीसाठी दारोदार फिरावे लागते, आणि त्याच बेटावर शिवडीहून सुमारे आठ किलोमीटरचा रज्जुमार्ग आणण्याची योजना तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टला जाहीर करता आली! त्या योजनेत लाँचवरच्या खलाशाचे आणि पायरीवरच्या विक्रेतीचे काय होणार, याचा विचार कोणी केला होता?

मालदीवचे उदाहरण येथे बोलके आहे. १९७२ साली तेथे पहिले पर्यटनग्राम उघडले आणि पुढे अनेक दशके पर्यटकांना निर्मनुष्य बेटांवरच ठेवण्याचे धोरण चालले. स्थानिक संस्कृती परकीय वाऱ्यापासून वाचवण्याचे कारण त्यासाठी दिले जाई. प्रत्यक्षात नफा पर्यटनग्रामांच्या मालकांकडे गेला आणि वस्तीच्या बेटांवरील लोक त्यांच्या नोकरीपुरते उरले. वस्तीच्या बेटांवर सामान्य कुटुंबांना अतिथिगृहे चालवण्याची मुभा मिळायला २००९ साल उजाडावे लागले. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये २०२१ साली विकासाच्या नावाखाली कोणतीही जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार प्रशासनाला देणारा मसुदा पुढे आला, तेव्हा तेथील जनता एकमुखाने उभी राहिली आणि केरळ विधानसभेने त्याच वर्षी ३१ मे रोजी तिच्या बाजूने एकमताने ठराव केला.

संस्कृती म्हणजे पाहुण्यांपुढे नाचवण्याचा कोळी नृत्याचा ताफा नव्हे. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटणारे हात बेटावर राहिले आणि त्या होडीला मासळी मिळाली, तरच तो सण उरणार आहे. म्हणून लेण्यांच्या प्रवेशशुल्कातील निश्चित वाटा कायद्याने घारापुरी ग्रामपंचायतीला मिळाला पाहिजे. लेण्यांच्या संरक्षित क्षेत्राबाहेर, बेटकऱ्यांच्या स्वतःच्या घरांत, मोजक्या पाहुण्यांची सोय करण्याची परवानगी फक्त त्यांच्याच सहकारी संस्थेला दिली पाहिजे. तेलगळतीने आणि गाळ-उपशाने गेलेल्या मासळीची भरपाई बंदर चालवणाऱ्यांकडून वसूल झाली पाहिजे. आणि रज्जुमार्ग असो वा हॉटेल, कोणताही आराखडा ग्रामसभेच्या मंजुरीवाचून बेटाच्या धक्क्याला लागता कामा नये.