विश्लेषण : कंपनी तीच, काडतूसही तेच, मग नेम का चुकतो? नेमबाज ‘लॉट टेस्टिंग’ का करतात?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारात ‘दहा’चे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. ते गाठण्यासाठी हात आणि श्वास स्थिर हवेतच, पण काडतुसाचीही साथ लागते. म्हणूनच मोठ्या स्पर्धांपूर्वी नेमबाज काडतुसांची चाचणी घेतात. ती नेमकी काय असते?

एकसारख्या काडतुसांत फरक कसा?

या प्रकारात ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस वापरतात. त्यातील शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते. वेग मुद्दाम ध्वनीपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. कारखान्यात दारू, शिसे, वंगण यांची प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्येही फरक राहतो. लॉटचा क्रमांक खोक्यावरच छापलेला असतो.

थोड्या फरकाने काय बिघडते?

गणित सोपे आहे. ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. ही घट गृहीत धरूनच साइट लावलेली असते. मात्र एखादी गोळी सेकंदाला १० मीटर कमी वेगाने सुटली, तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि तिथे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजे नेम अचूक असूनही जवळपास ०.९ गुण जाऊ शकतो.

अंतर दुप्पट केले, तर हाच फरक साधारण चौपट होतो. १०० मीटरवर तो तीन सेंटिमीटरच्या आसपास जातो. जवळून उत्तम वाटणारे काडतूस लांबवर उघडे पडते ते यामुळेच.

काडतूस स्वतःच का भरत नाहीत?

३०० मीटरसारख्या प्रकारांतील सेंटरफायर काडतुसे नेमबाज स्वतः भरू शकतात. दारूचे वजन थोडे थोडे बदलून ते आपल्या रायफलला मानवणारे प्रमाण शोधतात. ‘.२२’ मात्र रिमफायर आहे. ठिणगी पाडणारे रसायन काडतुसाच्या कडेतच भरलेले असल्याने ते पुन्हा भरणे व्यवहार्य नाही. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या लॉटमधून निवड करणे, एवढाच मार्ग उरतो.

चाचणी कशी होते?

ब्रिटनमधील एली, फिनलंडमधील लापुआ यांसारख्या कंपन्यांची चाचणी केंद्रे आहेत. तिथे रायफल शिकंजात घट्ट बसवतात, म्हणजे माणसाची चूक वगळली जाते. मग प्रत्येक लॉटच्या ठरावीक गोळ्या झाडून त्या किती जवळजवळ लागल्या, हे इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर मोजतात. प्रत्येक नळीची कंपने वेगळी असल्याने एका रायफलला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. योग्य लॉट सापडला, की तोच मोठ्या संख्येने विकत घेतात.

पाच गोळ्या पुरेशा आहेत का?

नाही. पाच गोळ्यांचा घट्ट समूह निव्वळ योगायोगही असू शकतो. त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या झाडल्या, तर समूह सरासरी पाव पटीने मोठा होतो. त्यामुळे दहा-दहाचे अनेक समूह झाडून सरासरी पाहणे आणि सर्व लॉटसाठी गोळ्यांची संख्या सारखीच ठेवणे गरजेचे ठरते.

भारतीय नेमबाजांपुढे अडचण काय?

चाचणीसाठी रायफल परदेशी न्यायची, तर प्रवासखर्च आणि शस्त्राच्या परवानग्या आल्या. पसंतीचा लॉट आयात करणे हे आणखी वेगळे काम. ‘टॉप्स’ योजनेतील आघाडीच्या नेमबाजांना अशा खर्चासाठी सरकारी मदत मिळू शकते. जिल्हा किंवा राज्य पातळीवरील मुला-मुलींना मात्र मिळेल त्या खोक्यावर भागवावे लागते. पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या झाडायच्या असतात. त्यातील एखादा ‘नऊ’ आपल्या चुकीचा की काडतुसाचा, हेच कळले नाही, तर सरावात नेमके काय सुधारायचे तेही कळत नाही. परदेशी जाणे शक्य नसलेल्यांनी निदान एवढे करावे : प्रत्येक खोक्याचा लॉट क्रमांक आणि त्याचे निकाल वहीत टिपून ठेवावेत आणि चांगला ठरलेला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवावा.