विकणे आहे : बासऱ्या, पावे, शिट्ट्या

घरातल्या बासऱ्या विकायला काढल्यात म्हटलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. मग आवाज खाली आणून विचारतात, ‘पैशांची काही अडचण?’ तसंही नाही म्हटल्यावर ठरलेला सल्ला येतो : ‘मग विकता कशाला? देऊन टाका की कुणाला तरी, तेवढंच पुण्य.’ आमच्या वहिनींना तर कृष्णाच्या हातातल्या वस्तूचे पैसे घेणं म्हणजे अब्रह्मण्यम. मी त्यांना म्हटलं, ‘वहिनी, त्याची बासरीसुद्धा कुणी तरी केलीच असेल ना? त्या माणसाला लोणी तरी मिळालंच असेल.’

फुकट दिलेल्या बासरीचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. ती आधी दिवाणखान्यात गणपतीशेजारी बसते, मग शोकेसमध्ये जाते, आणि पुढच्या रंगकामात पडद्याच्या दांडीबरोबर माळ्यावर पोचते. पैसे मोजून नेलेल्या बासरीची मात्र आठवडाभरात तक्रार येते : ‘खालचा पंचम नीट बोलत नाही हो.’ म्हणजे कुणी तरी तो लावून पाहतंय. मला तेवढंच हवंय. किंमत सांगतो ती त्या तक्रारीसाठी.

हौसेने जमवलेली ही वाद्यं माझ्याकडे फार झाली आणि वाजवणारा मी एकटा उरलो. पितळी मूर्ती कपाटात ठेवली तर फार तर काळवंडते. बांबू मात्र तोडल्यावरही ऋतू पाळतो. पावसाळ्यात हवेतली ओल पितो, उन्हाळ्यात ती सोडतो, आणि या ओढाताणीत एखाद्या एप्रिलच्या दुपारी उभा तडकतो. कारागीर अंगावर जागोजागी दोरा घट्ट गुंडाळतात तो मुख्यतः यासाठी, शोभा नंतरची. वाजवणारा माणूस अधूनमधून आतून तेलाचा हात फिरवतो, दोरा सैल झाला की त्याच्या लगेच लक्षात येतं. कपाटातली बासरी कोण बघतंय? ती बिचारी तडकल्यावरच कळते.

म्हणून गिऱ्हाईक आलं की मी आधी तपासणी करून दाखवतो. सहाही छिद्रं बोटांनी बंद करायची, खालचं तोंड तळव्याने दाबायचं (लांब बासरी असेल तर यासाठी दुसरा माणूस लागतो) आणि फुंकायच्या छिद्राला ओठ लावून हवा आत ओढायची. ओठ चिकटून राहिले तर बांबू शाबूत. हवा सरसरत आली तर कुठे तरी केसाएवढी चीर आहे. ती डोळ्याला दिसत नाही, पण खालच्या सुरांत फुसफुस ऐकू येते.

इथे आपल्याकडची खास अडचण उभी राहते. बासरी उष्टी आहे! दहा जणांनी तोंड लावलेली वस्तू तोंडाला लावायची कशी? एक गृहस्थ तोंड न लावता, वरून पाणी पितात तसं, चार बोटं लांबून फुंकून पाहत होते. सूर अर्थातच निघाला नाही. धुऊनही देता येत नाही, बांबू पाण्यात बुडवायचा नसतो. मी स्पिरिटचा बोळा फिरवून देतो, वरून ते खिशातला रुमाल फिरवतात, आणि दोघांचंही समाधान होतं.

पुढचा प्रश्न पट्टीचा. आपल्याकडे वरची तीन छिद्रं झाकून येतो तो सा, आणि त्यावरून बासरीची पट्टी ठरते : काळी एक, पांढरी पाच वगैरे. सहाही झाकली की खालचा पंचम. आयरिश शिट्टीवाले मात्र सहाही छिद्रं झाकून येणाऱ्या सुराचं नाव वाद्याला देतात. म्हणजे त्यांची ‘डी’ ती आपल्या हिशेबाने ‘जी’, पांढरी पाच. न्यू जर्सीच्या भाच्याने मित्रासाठी ‘डी’ची बासरी मागितली, तेव्हा मी आधी विचारलं, ‘मित्र कुठलं संगीत वाजवतो?’ आयरिश म्हणाला. मग पांढरी पाचची काढून ठेवली. सोबत ताकीदही दिली : हिवाळ्यात हीटरजवळ ठेवू नका. तिथली तापवलेली कोरडी हवा बांबूला आपल्या उन्हाळ्याइतकीच वाईट.

आता किमतीचं. सगळ्यांत जास्त घासाघीस होते ती पांढरी तीनच्या लांब बासरीवर. ‘एवढ्याशा बांबूचे इतके?’ ही लांबी रागसंगीतात रुळवली पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी. त्याआधी बासरीच्या वाट्याला मुख्यतः लोकगीतं आणि हलकंफुलकं वादन होतं. त्यांनी ती अडीच फुटांच्या घरात नेली आणि मंद्रात खर्जाचं गांभीर्य आलं. पण कारागिराचं काम त्यामुळे कठीण झालं. दोन गाठींमधलं एकच पेर अडीच फुटांचं, सरळ, गोल आणि पातळ सालीचं हवं. असा बांबू आपल्या कुंपणाला उगवत नाही, तो ईशान्येकडून, आसामातून येतो. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतमध्ये पिढ्यान् पिढ्या बासऱ्या करणारी घरं आहेत. तीही आसामच्याच बांबूवर. बांबू वाळवायचा, मग तापलेल्या सळईने छिद्रं पाडायची. सूर उतरलेला असेल तर छिद्र थोडं मोठं करून चढवता येतो. जास्त चढला तर मेण लावून भरणं, नाही तर बांबू टाकून देणं. बरं, प्रत्येक बांबूची पोकळी वेगळी, म्हणून एकीचं माप दुसरीला चालत नाही. टाकून दिलेल्या बांबूंचे पैसे कोण देणार? ते तुमच्या बासरीच्या किमतीत आहेत, असं मी सांगतो.

हीच बासरी बघायला एक मुलगी आली होती, सोबत आई. मुलीचे हात लहान. उजव्या हाताची अनामिका शेवटच्या छिद्रापाशी पोचेना. बोटांची टोकं सोडून मधली पेरं ठेव म्हटल्यावर पोचली, पण मनगट आखडलं. मी बासरी काढून घेतली आणि पांढरी पाचची हातात दिली, निम्म्याहून कमी किमतीची. आईला वाटलं मी त्यांच्या ऐपतीवरून माप काढलं. मुलीने तोवर सारंगाचं काहीबाही सुरू केलं होतं, त्यामुळे गैरसमज फार टिकला नाही.

याउलट इंटिरिअरवाल्यांना सगळं एकत्र हवं असतं, भिंतीवर पंख्याच्या आकारात लावायला. भाव चांगला देतात. मी त्यांना मातीच्या शिट्ट्या देऊ केल्या. माती तडकत नाही, सुखाने भिंतीवर राहील. बस्तरची बासरी मात्र दिली नाही. ती फुंकायचीच नसते. बांबूवर तापल्या लोखंडाने नक्षी काढलेली, हातात धरून गोल फिरवायची. वारा आत शिरला की घूं घूं बोलते. ती खिळ्याला टांगणं म्हणजे वाद्याला फाशी. शेजारच्या पोराने ती जिन्यात फिरवून तीन मजले जागे केले आणि आजोबांकडून हट्टाने विकत घेववली. सोसायटीत माझ्याविषयी काय बोललं जातंय याची कल्पना आहे.

तर लांब बासऱ्या, दोन-तीन पावे आणि थोड्या शिट्ट्या अजून शिल्लक आहेत. येताना स्वतःचा रुमाल आणावा. घासाघीस करायला हरकत नाही, पण आधी वाजवून दाखवावं लागेल. येत नसेल तर निदान शिकणार कुणाकडे ते सांगावं. पुण्य हवं असलेल्यांनी कृपया वहिनींना भेटावं.