विश्लेषण : ‘आर्ट जर्नल’ची वही चार पानांत का संपते? रोजची सवय लागते कशी, मोडते कशामुळे?

नव्या वर्षाच्या उत्साहात घेतलेली जाड कागदाची वही, ब्रश पेनांचा संच, नक्षीदार चिकटपट्टीची दोन-तीन रिळे आणि सुरुवातीची चार देखणी पाने. पाचव्या पानापासून वही कोरी. अनेक घरांच्या कपाटांत अशी एखादी वही सापडेल. समाजमाध्यमांवर ‘आर्ट जर्नल’च्या चित्रफितींना तोटा नाही, साहित्य तालुक्याच्या गावीही घरपोच येते, तरीही वही भरत नाही. दोष आळसाला दिला जातो. खरे तर वही ज्या पद्धतीने सुरू केली जाते, त्यातच तिच्या बंद पडण्याची सोय असते.

आर्ट जर्नल म्हणजे नेमके काय?

रोजनिशीत शब्द असतात, स्केचबुकात रेषा. आर्ट जर्नलमध्ये दोन्ही असतात आणि शिवाय हाताला लागेल ते : बसचे तिकीट, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, लग्नपत्रिकेवरचा गणपती, वर्तमानपत्राचे कात्रण, वाळलेले पिंपळपान, कपाखाली उमटलेला चहाचा गोल डाग. एकाच पानावर जलरंग, शाई, खडू आणि कागदाचे तुकडे येतात म्हणून त्याला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणजे मिश्र माध्यम म्हणतात. स्क्रॅपबुक आठवणी जपण्यासाठी असते, नियोजनाची वही कामे उरकण्यासाठी. आर्ट जर्नलचा असा काही उपयोग नसतो, आणि हीच त्याची जमेची बाजू आहे. ज्याला हुबेहूब चेहरा काढता येत नाही, त्यालाही तिकीट चिकटवून त्याच्याभोवती निळा रंग फिरवता येतो.

हा प्रकार आला कुठून?

चित्रात बाहेरची वस्तू चिकटवण्याला आधुनिक कलेत प्रतिष्ठा मिळाली १९१२ मध्ये. पाब्लो पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा चित्रावर चिकटवला आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने भिंतीला लावायच्या छापील कागदाचे तुकडे कोळशाच्या रेखाटनात बसवले. वहीच्या बाबतीत मात्र दोन नावे अधिक महत्त्वाची आहेत. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिने आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत, साधारण १९४४ ते १९५४ या काळात, एक वही ठेवली. तिच्यात पत्रे आहेत, तुटक शब्द आहेत, सांडलेल्या शाईच्या डागातून काढलेले चेहरे आहेत. १९५३ मध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्या काळातली पावलांची चित्रेही आहेत. ही वही पुस्तकरूपात जगासमोर आली १९९५ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी.

दुसरे नाव डॅन एल्डन. लंडनमध्ये जन्मलेला आणि नैरोबीत वाढलेला हा छायाचित्रकार रॉयटर्ससाठी काम करत असताना १२ जुलै १९९३ रोजी मोगादिशूत जमावाच्या हल्ल्यात मारला गेला. वय अवघे २२. मागे १७ वह्या राहिल्या. छायाचित्रे, रंग, नकाशे, नोटा, कात्रणे यांनी त्या फुगलेल्या होत्या. त्यातील निवडक पानांचे पुस्तक १९९७ मध्ये निघाले. वही नीट मिटत नसेल तर ती नीट भरली आहे, असे एल्डनच्या वह्या पाहून म्हणावेसे वाटते. आज चित्रफितींमध्ये दिसणारी, कडेला फुलांची वेलबुट्टी आणि मधोमध सुलेखन असलेली पाने या दोघांच्या पानांशेजारी ठेवली, तर ती शुभेच्छापत्रांसारखी वाटतील.

२१ दिवसांत सवय लागते का?

हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपच्या सुविचारांतून सर्वांना पाठ झाला आहे. त्याचे मूळ बहुधा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधील पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘किमान’ गळाले आणि नियम तेवढा उरला.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेला अभ्यास अधिक भरवशाचा आहे. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एक नवी कृती केली. कुणी जेवणासोबत पाणी प्यायले, कुणी फळ खाल्ले, कुणी धावले. कृती आपोआप होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी गणिती अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. सोपी कृती लवकर रुजली, अवघड कृतीला वेळ लागला. वहीवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट निराळीच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. ‘सलग ३० दिवस’ किंवा ‘सलग १०० दिवस’ अशी आव्हाने नेमकी याच्या उलट शिकवतात. बाराव्या दिवशी घरात पाहुणे आले, पान राहिले की माणूस समजतो, आता सगळे मुसळ केरात. वही त्या दिवशी बंद पडते, आणि ती आव्हानाने बंद पाडलेली असते.

हा अभ्यास चित्र काढण्याचा नव्हता, हेही खरे. पाणी पिण्यासाठी काही सुचावे लागत नाही. म्हणूनच कृती जितकी बारीक करता येईल तितकी करावी. ‘रोज एक पान’ हे मोठे वचन आहे. ‘रात्रीची भांडी आवरली की दिवसातला एक कागद चिकटवायचा’ हे पेलणारे आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे काम याच मुद्द्यावर आहे : ‘करीन कधी तरी’ यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा ठरवलेला बेत तडीला जाण्याची शक्यता जास्त असते. कागद चिकटवून हात थांबला तर थांबला. बहुतेक वेळा तो थांबत नाही.

मग अडते कुठे?

महाराष्ट्रात चित्रकलेशी बहुतेकांचा शेवटचा गंभीर संबंध येतो तो एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या वेळी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र; खोडरबराचा डाग नको, रंग रेषेबाहेर नको. या परीक्षांनी अनेकांना चित्रकलेच्या वाटेवर आणले, हे नाकारता येणार नाही. पण ज्यांना ‘सी’ श्रेणी मिळाली, त्यांच्यातील अनेकांनी ती आयुष्यभरासाठी मनावर घेतली. चाळिशीत पुन्हा ब्रश हातात घेतला, तरी कुणीतरी श्रेणी देणार आहे ही धास्ती जात नाही. पूर्वी श्रेणी परीक्षक देत असे; आता तिची जागा फोनवरच्या हृदयाच्या खुणेने घेतली आहे.

बक्षिसाचा चित्रकलेवर काय परिणाम होतो, याचा एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील अशी मुले निवडली, ज्यांना स्केचपेनाने चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेने पुन्हा ठेवली. बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेल्या मुलांनी आता इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. खेळ होता तो मोबदल्याचे काम झाला. मोबदला थांबला तसे कामही आटले.

म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र टाकण्याचा रिवाज या सवयीला सर्वाधिक मारक आहे. पान सुरू करतानाच डोळा प्रेक्षकाचा होतो. सांडलेल्या शाईतून फ्रिडाला चेहरा दिसला. फोनसाठी पान करणाऱ्याला त्यात वाया गेलेला कागद दिसतो. समूह, कार्यशाळा, एकत्र बसून चित्रे काढणे यात वाईट काही नाही. एकट्याने न जमणारे अनेकांना सोबतीने जमते. दाखवायचेच असेल तर वही संपल्यावर, सगळी एकदम, वाईट पानांसकट दाखवावी.

रोजच्या चित्राची सवय आपल्याकडे नवी आहे का?

मुळीच नाही. सडा घातला की रांगोळी, ही महाराष्ट्रातील घरोघरची सकाळ होती आणि अजून अनेक ठिकाणी आहे. त्यातही चैत्रांगण पाहावे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत, जवळपास महिनाभर, दारापुढे रोज ही रांगोळी काढली जाते. मखरात किंवा झोपाळ्यावर बसलेली गौर. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्म, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, नाग, कासव, फणी-करंडा. सवयीच्या शास्त्रात जे जे सांगितले जाते ते यात आधीच आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, साहित्य चिमूटभर, ‘आज काय काढू’ हा प्रश्न नाही कारण चिन्हे ठरलेली. तरीही दोन घरांचा हत्ती कधी एकसारखा निघत नाही. आणि दुसऱ्या सकाळी ती पुसली जाते, त्यामुळे कालचा मोर बिघडला याचे ओझे आज नसते.

याचे गोडवे गाताना एक विसरू नये. रांगोळी घरातील बाईचे कर्तव्य होती. तिला आवडते का, हे कुणी विचारले नाही आणि तिला कलाकारही म्हटले नाही. वही त्यापेक्षा वेगळी आहे ती इथे : ती न भरल्याबद्दल सासू बोलत नाही. पण ठरलेल्या चिन्हांची युक्ती उचलण्यासारखी आहे. स्वतःची दहा-बारा चिन्हे ठरवून घ्यावीत. कुकर, खिडकीची जाळी, लोकलचे हँडल, चष्मा, शेजारचे मांजर, काहीही. सुचेनासे झाले की त्यातले एक काढावे.

साहित्य किती लागते?

जाहिराती सांगतात त्याच्या दशांशही नाही. साधी वही चालते, पण तिचा कागद बहुधा ६० ते ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो आणि पाणी लागले की सुरकुततो. दोन पाने एकमेकांना चिकटवली की काम भागते. मधली काही पाने आधीच फाडून टाकली तर चिकटवलेल्या कागदांनी वहीची पाठ फुटत नाही. मेणाचा खडू किंवा तेलखडू आधी आणि जलरंग नंतर, म्हणजे खडूच्या जागी रंग धरत नाही आणि रेष उठून दिसते. शाळेतली ही गंमत आजही तितकीच चालते. पण तेलखडूवर बॉलपेन चालवू नये, त्याचे टोक तुंबते. एटीएमची पावती आणि दुकानाचे बिल उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असते, काही महिन्यांत अक्षरे उडतात; ठेवायची असतील तर झेरॉक्स चिकटवावी. वर्तमानपत्र पिवळे पडणारच, ते पडू द्यावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंगाची समोरासमोरची पाने एकमेकांना घट्ट धरतात, तेव्हा मध्ये बटरपेपर घालावा.

ताण खरोखर कमी होतो का?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना रंगीत पेने, माती आणि कोलाजचे साहित्य देऊन ४५ मिनिटे मोकळे सोडले. जवळपास ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण घटले, आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. निष्कर्ष सुखावणारा आहे. मात्र तुलनेसाठी चित्रे न काढणारा गट त्यात नव्हता, आणि कॉर्टिसोल दिवस चढतो तसे एरवीही उतरत जाते. म्हणून आर्ट जर्नलला औषध म्हणून विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेले बरे. नैराश्य किंवा झोप उडवणारी चिंता असेल, तर वही डॉक्टरांच्या सोबतीने चालेल, त्यांच्याऐवजी नाही.

पण वही कुणी वाचली तर?

हा प्रश्न कार्यशाळांमध्ये फारसा विचारला जात नाही, कारण तिथे प्रत्येकाला स्वतःची खोली असते असे गृहीत धरलेले असते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे स्वतःचे म्हणावे असे कपाटातले एक फळकूटही नाही, तिथे मनातले लिहायचे कुठे? साध्या रोजनिशीची अनेकांना याचसाठी भीती वाटते. मिश्र माध्यमाकडे याचे उत्तर आहे, आणि ही सवय लागावी असे वाटण्याचे ते सर्वात भक्कम कारण असावे. जे लिहायचे ते आधी पानावर लिहून टाकायचे, राग, हिशेब, नाव घेऊन. मग त्यावर रंगाचा थर, त्यावर एखादे कात्रण, त्यावर मोर. वही उघडी पडली तरी पाहणाऱ्याला मोरच दिसतो. बॉलपेनने दाबून लिहिलेले जलरंगाखालून वाचता येते, तिथे अ‍ॅक्रिलिकचे दोन हात द्यावे लागतात. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.