बोलके यंत्र आणि मुके मूल

तुमसरहून बालाघाटकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राचा निरोप घेतो तो बपेरा ह्या गावाशी. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशाचा मुलूख लागतो. पण भाषेची हद्द नदीच्या पात्रावरून आखता येत नाही. ह्या पट्ट्यातील कित्येक घरांत पोवारी बोलतात, कित्येकांत झाडीबोली; बाजारात आणि सोयरिकीत हिंदी चालते; शाळेची पायरी चढली की पुस्तकी मराठी, आणि सन २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होता. तेव्हा ह्या सरमिसळीचे कोणास नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटते ते इतकेच की, येथील मुलाची 'दुसरी भाषा' कोणती, हा साधा प्रश्न राज्याच्या शिक्षणशास्त्र्यांना अजून पडलेला दिसत नाही. ती इंग्रजी असे ते म्हणतील. आम्ही म्हणतो, ती शाळेतली मराठी होय!

गतवर्षांतील वाद वाचक विसरले नसतील. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा शासनाचा आदेश १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, जूनमध्ये तो बदलला, आणि २९ जून रोजी दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या गदारोळात कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, ह्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. ती शिकवायची कशी, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. जणू वेळापत्रकात तासिका घातली की भाषा आपोआप जिभेवर येते!

यंत्राचा विचार येथेच करावयास हवा. भाषा कानांवाटे येते, आणि चुकतमाकत बोलण्याने बसते. दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींना एकेका मुलाकडून एकेक वाक्य दहा वेळा म्हणवून घेणे अशक्य आहे. मोबाईल ते न कंटाळता करतो. तो वाक्य सावकाश ऐकवतो, मुलाचा आवाज टिपून त्यालाच परत ऐकवतो, आणि चुकल्यावर हसत नाही. लाजाळू मुलाला हा शेवटचा गुण किती मोलाचा आहे, हे वर्गात उभे राहिलेल्यासच कळेल.

ह्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी आले तेव्हा मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्याच भाषेत, अशी स्थिती होती. त्यांनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत आणले, आणि मग पुस्तकावर क्यूआर कोड डकवून त्यांमागे कविता, गोष्टी व धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०१७ साली राज्य शासनाने ती कल्पना सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी उचलली आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परंतु शासनाने उचलला तो कोड. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे गुरुजींनी मुलांची भाषा शिकणे, ती मात्र परितेवाडीतच राहिली, असे खेदाने म्हणावे लागते.

'दीक्षा'वर पाठांचा तोटा नाही. पण त्या पाठांतील मराठी बपेऱ्याच्या पोराला तितकीच परकी, जितकी पुस्तकातली. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. तेथे 'पाणी' हे 'पानी'च असते. पुणेरी उच्चारांवर घडविलेले यंत्र अशा मुलाला प्रत्येक वाक्यागणिक चूक ठरविणार असेल, तर छडी गेली आणि तिच्या जागी चकचकीत छडी आली, इतकाच फरक! युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही, तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, हाच सवाल केला होता. येथे तर मुलाला अट घालण्याची सोयच नाही.

हे अशक्य कोटीतले काम नव्हे. सुमारे २९ लाख लोकांच्या गोंडीसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन प्राथमिक स्वरूपात आणले. २०११ च्या जनगणनेत सव्वातीन लाख लोकांनी पोवारी ही मातृभाषा सांगितली. गणनेने ती हिंदीच्या पदरात टाकली आणि तिचा स्वतंत्र विचार तेथेच संपला. झाडीबोलीला तर मराठीची बोली म्हणून आणखीच गृहीत धरले जाते, जरी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले तरी.

म्हणून आमची मागणी मुंबईकडे नाही, भंडाऱ्याकडे आहे. जिल्हा परिषदेने आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने पहिली-दुसरीच्या मराठी पाठांची ध्वनिमुद्रिते तयार करावीत: आधी वाक्य पोवारीत किंवा झाडीत, मग तेच मराठीत, मग मुलाने म्हणण्यासाठी मोकळी जागा. आवाज ह्याच तालुक्यातील शिक्षकांचा आणि आजीबाईंचा असावा. नेटवर्क असेल त्या दिवशी ती शाळेच्या मोबाईलवर उतरवून ठेवता यावीत. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांची जी गत खेड्यांत झाली ती पुन्हा नको. इंग्रजीचे पाठही ह्याच धर्तीवर पुढे करता येतील. ह्यास कोटींचे टेंडर लागत नाही; एक मोबाईल, एक शांत खोली आणि सुट्टीतले पंधरा दिवस लागतात. पुढील जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा सिहोरा परिसरातील निदान दहा शाळांत हे पाठ वाजावेत. ते वाजले नाहीत, तर का वाजले नाहीत हे जिल्हा परिषदेच्या सभेत विचारण्याचे काम तेथील सदस्यांचे आहे.