४० लिटरचा समुद्र

"फिशटँक घ्यायचाय, पण एकदम हटके!" अशी फर्माईश मला महिन्यातून एकदा तरी येतेच. कारण ठाण्याच्या माझ्या वन बीएचकेत, लॅपटॉपच्या शेजारी, दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढा समुद्र नांदतोय. दोन क्लाउनफिश (होय, २००३ च्या 'फाइंडिंग निमो'वालाच!), एक श्रिंप, चार गोगलगायी आणि खडकावर पसरलेले मऊ कोरल. घरी आलेला माणूस आधी 'वॉव' म्हणतो, मग 'केवढ्याला पडलं?' विचारतो. 'रोज किती वेळ लागतो?' हे मात्र कुणीच विचारत नाही. खरा मुद्दा तर तोच आहे, बॉस!

उत्तर सांगून टाकते. रोज दहा मिनिटं. पण रोज म्हणजे रोज.

छोटी म्हणून सोपी?

अजिबात नाही. टाकी जितकी छोटी तितकी ती नखरेल. एखादी गोगलगाय मेली आणि दगडामागे सडत राहिली, तर ४०० लिटरच्या टाकीत जेवढं विष पाण्यात मिसळेल, त्याच्या दहापट तीव्र विष ४० लिटरमध्ये होणार. साधं गणित आहे. मोठ्या टाकीत चूक सावकाश उमटते, छोटीत ती रात्रीतून उमटते. म्हणून मासे कमी, खाणं चिमूटभर आणि नजर रोजची.

मीठ कुठलं, पाणी कुठलं?

'समुद्र तर जवळच आहे, दोन कॅन भरून आण की!' हा सल्ला हमखास मिळतो. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी किती स्वच्छ असतं, हे तुम्हीही जाणता. स्वयंपाकघरातलं मीठही चालत नाही. त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइड. कोरलला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागतं. म्हणून अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारं खास सागरी मीठ घ्यायचं आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर या हिशेबाने ते आरओच्या पाण्यात कालवायचं. घरच्या प्युरिफायरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, म्हणून पुढे डीआय रेझिनचा एक फिल्टर लावायचा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की पाणी पास. दर रविवारी यातलं ४ लिटर बदलायचं, म्हणजे टाकीचा दहावा हिस्सा.

रोजचं काम मात्र वेगळं. पाणी उडतं, मीठ उडत नाही! लाँग वीकेंडच्या चार दिवसांत २ लिटर पाणी उडालं, तर लिटरला ३५ ग्रॅमचा खारेपणा जवळपास ३७ वर जातो. गावाला जाताना मी शेजारच्या काकूंकडे चावी ठेवते. काचेवर मार्करने एक रेघ मारलीये. पाणी तिच्याखाली गेलं की बाटलीतलं बिनमिठाचं शुद्ध पाणी रेघेपर्यंत भरायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, खाऱ्या पाण्यातले ना हे मासे? मग मीठ नको घालायला?"

"काकू, आमटी आटून खारट झाली तर तुम्ही काय घालता?"

"कळलं गं बाई!" काकू हसल्या. त्यानंतर त्यांना पुन्हा सांगावं लागलेलं नाही.

मे महिन्याचं टेन्शन

कोरलला साधारण २४ ते २७ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात बेडरूमच ३२ वर असते! चिलर महाग. मी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा एक छोटा पंखा लावलाय. त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण जास्त उडतंही. म्हणजे उन्हाळ्यात काचेवरच्या रेघेकडे दिवसातून दोनदा बघायचं. फारच तापलं तर रात्री एसी. वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हाताशी हवाच.

एवढी काळजी का? कोरलच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडात ते अन्न तयार करतं आणि कोरलला भरवतं. पाणी बराच काळ जास्त तापलं की कोरल त्या शेवाळाला बाहेर काढतं, पांढरंफटक पडतं आणि उपाशी राहतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच घडलं, २०२४ मध्ये पुन्हा घडलं. तिथे पंखा लावायला कुणी नाही.

वाघाच्या यादीत

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंटरनेटवरच्या फोटोंतले ते फांद्या-फांद्यांचे कडक कोरल आपल्यासाठी नाहीत. प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कडक कोरल आणि सी-फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच यादीत! २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी-हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली. तेव्हा कुणी गुपचूप 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातून तोडलेला तुकडा दाखवला, तर सरळ बाहेर पडा. सिरॅमिकचे खडक घ्या. मश्रूम आणि झोअँथिडसारखे मऊ कोरल बिलासकट घ्या. (झोअँथिड हाताळताना हातमोजे मस्ट, आणि त्यांचा दगड कधीही उकळायचा नाही, त्यांच्यात जबरदस्त विष असू शकतं.) क्लाउनफिशही टाकीत जन्मलेलाच मागा. आपल्या देशात त्यांची पैदास होते, समुद्रातून पकडायची गरजच नाही.

आणि हो, घरात झुरळांचा स्प्रे मारायचा असेल तर आधी टाकी झाका आणि एअरपंप बंद करा. झुरळाला मारणारं औषध श्रिंपला सोडत नाही!

कार लोनपेक्षा लांब

क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. जोडीतला मोठा मासा ही मादी असते. ती गेली तर उरलेला नर स्वतःच मादी होतो! (म्हणजे खऱ्या समुद्रात निमोचे बाबाच त्याची आई झाले असते.) दहा वर्षांत तुमच्या किती नोकऱ्या, किती घरं बदलतील, मोजून बघा.

गेल्या वर्षी मला दोन वर्षांची ऑनसाइट ऑफर आली. घराचं अ‍ॅग्रीमेंट, जिम, केबल हे सगळं एका दुपारीत कॅन्सल होतं. मासे कॅन्सल होत नाहीत. खाडीत सोडूनही देता येत नाहीत. मी दोन वर्षांऐवजी सहा महिने मागून घेतले. मॅनेजरला 'घरगुती कारण' सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. एक मैत्रीण दर रविवारी येऊन पाणी बदलून गेली, बाकीचे सहा दिवस काकूंनी सांभाळले. परत आले तेव्हा काकूंनी दोघांची नावंही ठेवली होती.

मग घ्यायचा का?

घ्या की! पण एक परीक्षा द्या. पाणी, मीठ, खडक, पंप हे सगळं लावा आणि चार ते सहा आठवडे एकही मासा आणू नका. तळाशी थोडं माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतील, दुसरे त्याचं नायट्रेट. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. तोवर रोज रेघ बघायची आणि पाणी भरायचं, तेही रिकाम्या टाकीत. सहाव्या आठवड्यातही सकाळी ब्रश करता करता तुम्ही त्या नुसत्या दगडांकडे बघत उभे राहत असाल, तर दुकानात जा. नसाल, तर ती टाकी कुंडी म्हणून झकास दिसेल.